मागचं बक्कल

योगिनी : आता मी हात सोडते. तुम्ही तो आहे तिथेच धरून ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही. सोडू?

धोंडूबाई : सोड गो. घाबरतेस काय.

योगिनी : सोडला.

धोंडूबाई : पडला.

योगिनी : परत एकदा करू. या वेळी खांद्याकडे बघू नका, समोर भिंतीकडे बघा. सोडते हं.

धोंडूबाई : पडलाच. ह्यो हात माझं ऐकतच नाय. डावा बघ कसा गुणाचा हाये.

संजीवनी : मॅडम, मागच्या खेपेला तर तुमी बोललात, सगळं बरोबर चाललंय म्हणून.

योगिनी : मागच्या खेपेला बरोबरच होतं. ऑपरेशनला चार आठवडे झाले होते, मी हात धरून वर नेला तर छान जात होता. त्यानंतरचे दोन मंगळवार तुम्ही आलाच नाहीत.

संजीवनी : मला सुट्टी नाय मिळाली. आसनगावला कंपनीत आहे मी, पॅकिंगला. सासूबाईंना एकट्यांना डोळखांबवरनं जीपमध्ये कसं पाठवणार?

योगिनी : बरं. सकाळी केलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आलाय. ठाण्याला ज्यांनी ऑपरेशन केलं, त्या डॉक्टरांशीही मी बोलले. मावशी, पदर घ्या आणि नीट बसा. मी सरळच सांगते. खांद्याच्या आत हाडाला धरलेली एक दोरी असते, हात वर उचलण्याचं काम तिचं. तुमची तुटली होती.

धोंडूबाई : भाताचा भारा डोक्यावर व्हता आन् बांधावरनं पाय सरला. भारा सोडला असता तर कायच झालं नसतं. पण सोडवंना. हातानं धरला त्यो धरलाच. मंग चार महिने त्या हाडवैद्याचं तेल चोळत बसली.

योगिनी : हो, ते तुम्ही सांगितलं होतंत. तर ती दोरी ऑपरेशनमध्ये हाडाला परत शिवली. ती शिवण सुटली आहे.

धोंडूबाई : म्हंजे उसवलं.

योगिनी : उसवलं.

धोंडूबाई : कच्चा धागा घातला असंल त्यांनी.

योगिनी : धागा कच्चा नव्हता. हाडाला धरायला त्याला सहा आठवडे लागतात. त्या सहा आठवड्यांत हाताने काही उचललंत का?

धोंडूबाई : मी? हिनं मला इकडची काडी तिकडं करू दिली नाय. नुसती बसून खाते. दारातली कोंबडी पण तोंडानं हाकलते मी.

योगिनी : कुठे पडलात? हात कशाला आपटला?

धोंडूबाई : नाय.

योगिनी : हाताला बांधलेला पट्टा काढला होतात का? आंघोळ आणि व्यायाम सोडून?

धोंडूबाई : नाय.

योगिनी : मावशी.

धोंडूबाई : एकदा काढला व्हता. वैशाखाचा घाम, आन् बगलंत ती उशी. खाज सुटली.

योगिनी : कोणी काढला?

धोंडूबाई : कोणी म्हंजे? मीच.

योगिनी : या पट्ट्याचं बक्कल पाठीवर आहे. दोन्ही बाजूंनी दाबून ओढल्याशिवाय ते सुटत नाही, आणि तिथे तुमचा एकच हात पोचतो. मला स्वतःला एका हाताने जमत नाही. पेशंटच्या मनात आलं तरी निघू नये, म्हणूनच ते मागे असतं.

धोंडूबाई : खुंटीला अडकवून काढला.

योगिनी : खुंटीला?

धोंडूबाई : हां. आमच्या घरात खुंट्या लय.

संजीवनी : मी काढला, मॅडम.

धोंडूबाई : तू गप ऱ्हा.

संजीवनी : कशाला गप राहू? मी काढला. त्या बोलल्या काढ, आणि मी काढला. तासभर काढून ठेवलेला.

योगिनी : तुम्हाला तर मी समोर बसवून शिकवलं होतं. काढताना उशी तशीच ठेवायची, हाताला खालून आधार द्यायचा. तुम्ही माझ्यासमोर दोनदा करून दाखवलंत.

संजीवनी : हो.

योगिनी : मग?

संजीवनी : पाहुणे येणार होते.

योगिनी : पाहुण्यांनी पट्टा बघितला तर काय बिघडतं? ऑपरेशन काय लपवायची गोष्ट आहे?

संजीवनी : मला बघायला येणार होते. माझा नवरा जाऊन अडीच वर्षं झाली. मुरबाडकडचं एक स्थळ आलंय, पावसाच्या आधी पाट लावायचं ठरतंय. मला एक पोरगी आहे, रुपा, चार वर्षांची. ती इथे आजीजवळ राहील, अशी बोलणी होती. आता आजीच अशी पट्टे बांधून बसलेली दिसली, तर ते विचारणार ना, पोरीला सांभाळणार कोण? मोडलं असतं.

योगिनी : आणि त्या तासाभरात काय झालं?

धोंडूबाई : नातीला उचलली.

योगिनी : या हाताने?

धोंडूबाई : डाव्या हातानं उचलली असती तर त्यांना काय कळलं असतं?

योगिनी : आतून आवाज आला होता का? कट्ट असा?

धोंडूबाई : आला. मला वाटलं पोरीच्या फ्रॉकचं बटण तुटलं.

योगिनी : तेव्हाच यायला हवं होतंत. दुसऱ्या दिवशी आला असतात तरी काहीतरी बघितलं असतं. आता परत शिवायला गेलं तर शिवण धरेल असं डॉक्टरांना वाटत नाही. मुळातच ती दोरी झिजलेली होती. उन्हाळे-पावसाळे ओझी वाहून वाहून तिचं पार सूत झालेलं, त्यात ही दुसरी खेप.

संजीवनी : म्हणजे हात असाच राहणार?

योगिनी : दुखणं कमी होईल. व्यायाम केले तर कमरेच्या उंचीवरची कामं जमतील. भाजी निवडणं, धान्य पाखडणं, भाकरी थापणंसुद्धा. पण तवा उतरवणं नाही. डोक्यावर हंडा नाही. केस विंचरणं नाही. आणि मूल उचलणं तर नाहीच.

संजीवनी : पट्टा अजून सहा आठवडे ठेवला तर? आता एक मिनिट पण काढणार नाय. मी रजा टाकते.

योगिनी : आता पट्ट्याचा उपयोग नाही. तो शिवण सांभाळण्यासाठी होता. आता सांभाळायला आत काही राहिलं नाही. काढून टाका, म्हणजे निदान खांदा आखडणार नाही.

धोंडूबाई : काय बोलते ती?

संजीवनी : पट्टा नको बोलते.

धोंडूबाई : घ्या. दीड महिना मी हेच बोलत व्हती.

(शहापूरचा जीप स्टँड, दुपारचं ऊन. डोळखांबच्या जीपमध्ये मागच्या बाकावर दोघीच बसल्या आहेत. जीप भरल्याशिवाय सुटायची नाही. पट्टा आणि उशी संजीवनीच्या मांडीवर, पिशवीत.)

धोंडूबाई : समोर कलिंगडं कापतोय बघ तो. रुपाला एक फोड घे. शेजारच्या बारकीच्या घरी सकाळपासनं वाट बघत असंल.

संजीवनी : जीपमध्ये गळेल.

धोंडूबाई : मंग लिमलेटच्या गोळ्या घे.

संजीवनी : घेते.

धोंडूबाई : आत्ता नको गो उठू, जागा जाईल. बोल तरी काय. तोंड शिवून बसलीस ती. माझं उसवलं आन् तुझं शिवलं काय?

संजीवनी : खुंटीचं कशाला सांगितलंत?

धोंडूबाई : जिभेवर आलं ते सांगितलं.

संजीवनी : त्या बाईला पटतंय का ते?

धोंडूबाई : नाय पटलं तर तिचं ती बघंल. तुझं नाव तिच्या वहीत कशाला पायजे? उद्या एकाचे चार करून मुरबाडला पोचवतील लोक. बोलतील, सासूचा हात मोडून नवरा करायला निघाली.

संजीवनी : खोटं काय आहे त्यात?

धोंडूबाई : संजू.

संजीवनी : नाय, बोलू द्या मला. रोज आंघोळीला पट्टा काढताना मी माझा श्वास धरून ठेवायचे. तुमचा हात उशीवरनं बोटभर सरकला तरी लगेच जागेवर ठेवायचे. आणि पाहुणे येणार त्या रविवारी तुमी एकदा बोललात, काढ. एकदाच. मी 'नको' पण नाय बोलले. दोन्ही हातांनी दाबलं आणि ओढलं. का माहीत आहे?

धोंडूबाई : मी सांगितलं म्हणून.

संजीवनी : मला जायचं होतं म्हणून. मुरबाडचा तो सुनिल कंपनीच्या गेटवर येऊन उभा राहिला ना, त्या दिवसापासनं मला जायचं होतं. गॅरेजचे काळे हात रुमालाला पुसत होता. चहा पिणार का, एवढंच बोलला. अडीच वर्षांत मला कोणी चहा विचारला नव्हता, आई. किशोरची विधवा, रुपाची आई, धोंडूबाईची सून, पॅकिंगची दोन नंबर लाइन. मला वाटलं, माझं पण एक घर होईल. मग बक्कल काय आणि काय.

धोंडूबाई : वाटायलाच पायजे. सव्वीस वर्षांची पोर तू. मीच चांगोला स्थळ बघायला सांगितलं ना? माझाच चुलतभाऊ त्यो.

संजीवनी : पुढचं ऐका. मी चहा घेऊन दारात आले तेव्हा रुपा तुमच्या कडेवर होती आणि तुमचं तोंड पांढरंफटक झालेलं. मी बघितलं. मला कळलं काय झालं ते. मी तसाच ट्रे फिरवला, सुनिलच्या आईला बिस्कीट घ्या बोलले. ते गेल्यावर तुमी दोनाच्या चार गोळ्या घ्यायला लागलात, ते पण बघितलं. सुट्टी नाय मिळाली ते पण खोटं आहे. मी मागितलीच नाय. मॅडमनी हात बघितला असता तर त्यांना कळलं असतं, आणि मग सगळ्यांना कळलं असतं.

धोंडूबाई : मी तरी कुठं बोलली, चल दवाखान्यात म्हणून?

संजीवनी : तुमी कशाला बोलाल. तुमी माझ्यासाठी उचलली तिला.

धोंडूबाई : ड्रायव्हर कुठं गेला ह्यो? अजून सहा माणसं पायजेत त्याला. सुटतंय कधी, पोचतंय कधी.

संजीवनी : आई, मी ठरवलंय. आत दवाखान्यातच ठरवलं. चांगोमामांना फोन करून सांगते, पाट नको.

धोंडूबाई : येडी हायेस काय?

संजीवनी : सिद्धगडाखाली माझ्या भावाला कळवते, अनिलदादाला. तो चिडेल, चिडू दे. माझ्या हाताने झालंय, मी निस्तरते. मी राहते इथे.

धोंडूबाई : ठरल्यावर मोडलं तर परत कोण येणार नाय दारात.

संजीवनी : नको येऊ दे.

धोंडूबाई : ऱ्हाशील?

संजीवनी : राहीन.

धोंडूबाई : म्हंजे पावसापुरती?

संजीवनी : कायमची. पहाटेची शिफ्ट बदलून घेते. सकाळी तुमची वेणीफणी करून, भाकरी करून, मग जाईन. पुढच्या वर्षी रुपाला डोळखांबच्या शाळेत घालू. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, आठ दिवस रजा टाकीन. शेताचा वरचा तुकडा गावातल्या रघूला करायला देऊ, घरापुढचा आपण करू. तुमी, मी आणि रुपा.

धोंडूबाई : तू, मी आन् रुपा.

संजीवनी : हो.

धोंडूबाई : किशोरच्या मागं आपण तिघी ऱ्हायलो, तसं.

संजीवनी : तसंच.

धोंडूबाई : पाणी दे जरा.

संजीवनी : घ्या. थांबा, मी धरते बाटली.

धोंडूबाई : डावा हाये मला. ठेव ती खाली. चांगोचा फोन आलेला.

संजीवनी : कधी? आत्ता?

धोंडूबाई : त्या रविवारच्या आधी. शुक्रवारी. तू कंपनीत व्हतीस. बारकीच्या पोरानं फोन उचलून माझ्या कानाला लावला. चांगो बोलला, धोंडू, सुनिलच्या आईला कोणी तरी तुझ्या हाताचं सांगितलंय. मी बोलली, झालं, मोडलं का काय? त्यो बोलला, मोडलं नाय. उलटंच. ती म्हातारी बोलली, आजीचा हात चालत नसंल तर लेकरू तिच्या गळ्यात कशाला बांधायचं? आईसंगं येऊ दे. खातंय किती न् पितंय किती एवढंसं पोर. पण आधी आजीचा हात खरंच कसा हाये ते डोळ्यांनी बघू. तेवढंच बघायला ते येणार व्हते.

संजीवनी : मला बघायला येणार होते.

धोंडूबाई : तुला त्यांनी आधीच बघितलेलं. माझा हात बघायला आलेले.

संजीवनी : म्हणजे पट्टा तसाच असता तर.

धोंडूबाई : तर रुपा तुझ्यासंगं जायची व्हती.

संजीवनी : आणि तो मी काढला.

धोंडूबाई : तू काढलास. माझ्या सांगण्यावरनं. तू आत पोहे परतत व्हतीस. सुनिलची आई बोलली, कुठला हात व्हता बाई तुमचा? मी बोलली, ह्यो. आन् त्याच हातानं रुपाला वर घेतली. कट्ट झालं, तरी खाली ठेवली नाय. ते उठून चपला घालीपर्यंत ठेवली नाय. म्हातारी खूश झाली. बोलली, आजी भक्कम हाये, पोर इथंच बरी. तुझ्यासाठी नाय उचलली मी. मला रुपा पायजे व्हती. हात दाखवून अवलक्षण बोलतात ना, त्यातली गत.

संजीवनी : मी सुनिलला विचारलं होतं. दोनदा. रुपाला आणू का, म्हणून. तो मान खाली घालून बोलला, आई काय बोलते ते बघू. मला वाटलं, त्यांना नकोय. मी मनाला समजावलं.

धोंडूबाई : मला माहीत हाये.

संजीवनी : मी तिला सोडून जाणार म्हणून रडायचे, तर तुमी उठून मला पाणी द्यायच्या.

धोंडूबाई : द्यायची.

संजीवनी : पाठीवरनं हात फिरवायच्या. बोलायच्या, पोर कुठं परक्याकडं ऱ्हातेय, तिच्या बापाच्या घरात तर ऱ्हातेय.

धोंडूबाई : बोलायची.

संजीवनी : माझ्या पोटची आहे ती.

धोंडूबाई : माझ्या पोटच्याची हाये. किशोर गेला तेव्हा मला काय दिलं त्यांनी? एक पिशवी. तिच्यात फोन, पाकीट न् एकच चप्पल. दुसरी कुठं गेली ते पोलिसाला पण माहीत नाय. रुपा बसते ना उंबऱ्यावर, एक पाय दुमडून, तसा त्यो बसायचा. तू जाणार ते मी पचवलं व्हतं. सून परक्याची, आज ना उद्या जायची. पण ती पण गेली तर मी उठून चूल कोणासाठी पेटवू? एवढंच आलं मनात. चांगलं-वाईट काय नाय बघितलं.

संजीवनी : मग आत्ता तरी कशाला सांगितलंत? मी राहते बोलले होते. रुपा राहिली असती, मी पण राहिले असते. तुमाला फक्त गप बसायचं होतं.

धोंडूबाई : ते पण आलं मनात. पाणी मागितलं ना, तेव्हा.

संजीवनी : मग?

धोंडूबाई : तू रोज माझी वेणी घातली असतीस. रोज लुगडं नेसवलं असतंस. आन् रोज मनात बोलली असतीस, हे मी केलं, हे मी केलं. बोलता बोलता म्हातारी झाली असतीस. पोर चोरली ती चोरली. तुझा जन्म पण चोरू? तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाय.

संजीवनी : मला तुमच्याशी बोलायचं नाय आता.

धोंडूबाई : नको बोलू. चांगोला फोन लाव.

संजीवनी : काय सांगू त्यांना? तुमी खोटं दाखवलंत, ते?

धोंडूबाई : सांग. माझं नाव घेऊन सांग. माझं आता काय वाकडं व्हणार?

संजीवनी : हॅलो. चांगोमामा, मी संजीवनी. शहापूरला आहे, जीपमध्ये. आईंचा हात गेला, मामा. नाय, नवीन नाय पडल्या. आधीचंच उसवलं. नाय, आता बरा नाय होणार बोलले. पोरगी उचलायची नाय, हंडा उचलायचा नाय. हो. त्यासाठीच फोन केला. रुपा माझ्याबरोबर येईल. तसं असेल तरच येते मी, नायतर नाय. त्यांना विचारा. हो. थांबते.

धोंडूबाई : काय बोलला?

संजीवनी : सुनिलच्या आईला विचारून फोन करतो.

धोंडूबाई : ती हो बोलंल. बाई बरी हाये. माझ्याहून बरी हाये.

संजीवनी : हात असा होता तर त्या दिवशी लपवला कशाला, असं विचारत होते मामा.

धोंडूबाई : मंग?

संजीवनी : तुमी ऐकलंत ना. मी काय बोलले नाय. उसवलं एवढंच बोलले.

धोंडूबाई : बोलायचं व्हतंस.

संजीवनी : नाय बोलवलं. खुंटी काय मलाही सापडते.

धोंडूबाई : आला बघ त्याचा.

संजीवनी : हॅलो. हां मामा. बरं. बरं. नाय, कपडे आहेत तिचे. हो, सांगते. ठेवते.

धोंडूबाई : बोलली ना हो?

संजीवनी : हो बोलल्या. बरं झालं आधीच कळलं, असं पण बोलल्या. गुरुवारी सुनिल रिक्षा घेऊन येईल, दोघींना न्यायला. पाट तिकडेच लावायचा, चार माणसांत.

धोंडूबाई : गुरुवारी. म्हंजे मधी एकच दिवस.

संजीवनी : तुमी पण चला. चार दिवस तरी. हात जरा हलेपर्यंत.

धोंडूबाई : सुनेच्या दुसऱ्या घरी? लोक तोंडात शेण घालतील. आन् तुझी नवी सासू किती जणांना पोसंल? नको. माझं चालतंय. तवा बारकी उतरवून दील. वेणीचं काय, केस कापून टाकते बारीक. देवाला दिले बोलीन.

संजीवनी : मी येईन. महिन्याला येत जाईन रुपाला घेऊन.

धोंडूबाई : बोलू नको असं. मी मंग दिवस मोजत बसंन. आलीस की आलीस.

संजीवनी : मला अजून राग आहे तुमचा, आई. जाईल असं वाटत नाय.

धोंडूबाई : ऱ्हाऊ दे. राग असला तर जाताना जड नाय व्हणार. सरक तिकडं, माणसं येतायत. भरली वाटतं.

संजीवनी : खिडकीकडं तुमी या. हाताला धक्का लागेल.

धोंडूबाई : लागू दे, आता काय. संजू, एक सांगायचं व्हतं.

संजीवनी : अजून काय राहिलंय?

धोंडूबाई : तू पहाटे जायचीस म्हणून ती माझ्याजवळच झोपली आतापर्यंत. तिला झोपताना कानाची पाळी लागते धरायला. नाय मिळाली तर रडत नाय, हट्ट नाय, नुसती जागी पडून ऱ्हाते. कोणाला कळायचं पण नाय.

संजीवनी : मला माहीत नव्हतं.

धोंडूबाई : आजपासनं तुझ्याजवळ घे तिला. कानातलं तेवढं काढून ठेवत जा. टोचतं तिला.